अदमास, हप्ता आणि पंधरा तारीख

टीडीएस वजा जाता ज्यांचा वर्षाचा आयकर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होतो, त्यांच्यासाठी भारतात वर्षातल्या चार तारखा महत्त्वाच्या असतात : १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. पहिल्या तारखेपर्यंत वर्षाच्या एकूण कराच्या १५ टक्के रक्कम भरलेली असायला हवी, दुसऱ्या तारखेपर्यंत ४५ टक्के, तिसऱ्या तारखेपर्यंत ७५ आणि चौथ्या तारखेपर्यंत पूर्ण १००. याला कायद्यात आणि सीएच्या ऑफिसात अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणतात. मराठीत आगाऊ कर.

आता कॅलेंडर समोर ठेवा. आर्थिक वर्ष सुरू होतं १ एप्रिलला. १५ जून उजाडतो तेव्हा वर्षाचे जेमतेम अडीच महिने झालेले असतात. १५ मार्चला वर्ष संपायला अजून १६ दिवस बाकी असतात, तरी कर मात्र पूर्ण वर्षाचा भरून झालेला हवा. म्हणजे कमाई हातात यायच्या आधी तिचा अंदाज करायचा आणि त्या अंदाजावर कर भरायचा. अंदाज कमी निघाला तर व्याज.

पगारदार माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याच्या वतीने हा अंदाज कंपनी करते आणि दर महिन्याला कापून घेते. पण मी पगारदार नाही. माझ्यासारख्या, कामाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या माणसाला जूनमध्ये पुढच्या मार्चपर्यंत किती मिळणार हे कुणी विचारलं, तर खरं उत्तर ‘बघू’ एवढंच असतं. चलन कसं भरायचं हे सांगणारे शेकडो व्हिडिओ आहेत. सरकारला वर्ष संपायच्या आधीच पैसे का लागतात आणि हे कधीपासून चालू आहे, हे सांगणारं फारसं काही सापडत नाही. ते शोधत गेलो तर रस्ता दुसऱ्या महायुद्धात जातो, आणि तिथून आणखी मागे थेट पेशवाईत.

आधी कमाई, मग कर

आयकराचा मूळ क्रम सरळ होता. वर्षभर कमवा, वर्ष संपलं की हिशेब करा, मग सरकार कर ठरवेल आणि तुम्ही भराल. भारतात आयकर पहिल्यांदा आला १८६० मध्ये. १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरी खचली होती, ती भरून काढायला जेम्स विल्सन यांना लंडनहून पाठवलं गेलं. हे ‘द इकॉनॉमिस्ट’चे संस्थापक. कर लागू केला त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, ते कलकत्त्यात वारले. तो कर पाच वर्षांत बंद पडला, १८८६ मध्ये नव्या कायद्याने स्थिरावला आणि १९२२ च्या कायद्याने त्याला पुढची चाळीस वर्षं टिकेल असा सांगाडा मिळाला.

त्या सांगाड्याची एक खूण आपण अगदी परवापर्यंत वापरत होतो. रिटर्न भरताना दोन वर्षं लिहावी लागायची. एक ‘प्रीव्हियस इयर’, ज्यात कमाई झाली ते. आणि दुसरं ‘असेसमेंट इयर’, ज्यात त्या कमाईवर कर ठरवला गेला ते. पहिल्यांदा रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकाचा इथे गोंधळ व्हायचा. हा गोंधळ म्हणजे जुन्या काळाचा अवशेष होता : कमाई एका वर्षी, कर दुसऱ्या वर्षी.

अमेरिकेतही असंच होतं. तिथे १९१३ मध्ये घटनादुरुस्ती होऊन आयकर आला. तिमाही हप्त्यांची सोयही लवकरच झाली : १५ मार्च, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर. पण हे हप्ते सरलेल्या वर्षाच्या कराचे होते. १९४१ मध्ये जे कमावलं त्याचा कर १९४२ मध्ये चार तुकड्यांत द्यायचा. कर किती हे आधीच पक्कं झालेलं असायचं, फक्त देणं लांबवलेलं.

या पद्धतीत एक सापळा होता. १९४१ मध्ये चांगला पगार असलेला माणूस १९४२ मध्ये सैन्यात भरती झाला, तर शिपायाच्या तुटपुंज्या पगारातून त्याला आदल्या वर्षाच्या चांगल्या पगारावरचा कर भरावा लागे. नोकरी गेलेल्याचं, निवृत्त झालेल्याचं तेच. जोवर आयकर मूठभर श्रीमंत लोक भरत होते, तोवर याची फार चर्चा झाली नाही. त्यांच्याकडे शिल्लक असायची.

डोनाल्ड डक आणि ‘कराचं घड्याळ’

युद्धाने हे बदललं. १९३९ मध्ये अमेरिकेत आयकर भरणारे सुमारे ४० लाख होते. १९४५ पर्यंत ते ४ कोटींच्या वर गेले. सहा वर्षांत दहापट. ज्यांनी आयुष्यात कधी कराचा फॉर्म पाहिला नव्हता असे कारखान्यातले कामगार, दुकानातले विक्रेते, कारकून एकदम करदाते झाले. सरकारला त्यांची इतकी धास्ती होती की अर्थखात्याने वॉल्ट डिस्नेकडून १९४२ मध्ये एक कार्टून करून घेतलं. त्यात डोनाल्ड डक देशासाठी काहीही करायला उत्सुक असतो, आणि त्याला सांगितलं जातं की वेळेवर आयकर भर.

पण कार्टूनने प्रश्न सुटणारा नव्हता. आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या कामगाराला सांगायचं की मागच्या वर्षीचा कर आता एकदम आणून दे, तर तो आणणार कुठून? पैसे खर्च होऊन गेलेले. शिवाय दुसरी अडचण : बाजारात वस्तू कमी आणि लोकांच्या हातात पैसा जास्त, त्यामुळे भाव चढत होते. सरकारला हा पैसा आजच काढून घ्यायचा होता.

इथे बीअर्ड्सली रमल नावाचा माणूस पुढे आला. हा मेसीज या बड्या दुकानाचा खजिनदार, शिवाय न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष. त्याचं म्हणणं असं : कमाई होत असतानाच कर कापा. पण तसं सुरू केलं तर पहिल्या वर्षी लोकांवर दोन वर्षांचा बोजा पडेल, मागच्या वर्षीचा जुन्या पद्धतीने आणि चालू वर्षाचा नव्या पद्धतीने. म्हणून एक वर्षाचा कर सोडून द्या. आपण घड्याळ तासभर पुढे करतो, तसं कराचं घड्याळ वर्षभर पुढे करायचं. तिजोरीत येणाऱ्या पैशाचा ओघ थांबणार नाही, कारण लोक दरवर्षी कर भरतच राहतील.

रूझवेल्ट यांना ही पूर्ण माफी मान्य नव्हती. ज्यांचा कर मोठा, त्यांचीच माफी मोठी होणार होती. महिनोन्‌महिने वाद झाला आणि शेवटी तडजोड निघाली. ९ जून १९४३ ला कायद्यावर सही झाली, १ जुलैपासून पगारातून कर कापायला सुरुवात झाली. १९४२ आणि १९४३ यांपैकी ज्या वर्षाचा कर कमी, त्याचा साधारण तीन चतुर्थांश भाग माफ झाला.

या यंत्रणेवर काम करणाऱ्या अर्थखात्यातल्या तरुण मंडळींत मिल्टन फ्रीडमन होते. पुढे सरकारचा आकार आटोक्यात ठेवा म्हणून जगभर सांगणारे, नोबेल मिळवणारे हेच ते. सरकारला इतकं मोठं होऊ देणारं यंत्र उभारण्यात आपला हात होता, याची त्यांना नंतर खंत वाटत राहिली आणि आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ती लिहिलीही. पगार हातात पडायच्या आधीच कर गेला तर तो गेल्याची बोच कमी होते, आणि न बोचणारा कर वाढवायला सोपा असतो.

पण ज्यांना पगारच नाही, त्यांचं काय? डॉक्टर, वकील, दुकानदार, घरभाड्यावर जगणारे. त्यांच्या हातात पैसा येताना मध्ये कापून घेणारा कुणी मालक नव्हता. म्हणून त्याच कायद्यात त्यांच्यासाठी दुसरी वाट काढली : वर्षाच्या कमाईचा तुम्ही स्वतः अंदाज करा, सरकारला तो लिहून द्या आणि त्याप्रमाणे तिमाही हप्ते भरा. आजचा आगाऊ कर हा इथला. पगारदारासाठी बनवलेल्या व्यवस्थेत जे बसले नाहीत, त्यांच्यासाठी लावलेलं हे ठिगळ होतं.

ठिगळाच्या खुणा अजून दिसतात. अमेरिकेत आज हे हप्ते १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला असतात. नाव तिमाही, पण पहिला हप्ता तीन महिन्यांच्या कमाईचा, दुसरा दोन, तिसरा तीन आणि चौथा चार महिन्यांच्या. असं कसं झालं? मूळच्या चार तारखांपैकी शेवटची युद्धकाळातच डिसेंबरातून जानेवारीत गेली. १९५४ च्या कायद्याने रिटर्नची तारीख १५ मार्चवरून १५ एप्रिलवर नेली, तेव्हा पहिला हप्ता तिच्यासोबत सरकला. मधल्या दोन तारखा जागच्या जागी राहिल्या. त्यामुळे एप्रिलमध्ये हप्ता भरून उसंत घेईपर्यंत जून येतो. तिथल्या फ्रीलान्सरना दरवर्षी हा धक्का बसतो.

दिल्लीतही तेच वर्ष

ब्रिटनमध्ये पगारातून नियमित कर कापण्याची योजना अर्थमंत्री किंग्जली वुड यांनी तयार केली. २१ सप्टेंबर १९४३ ला ते ती संसदेत मांडणार होते. त्याच दिवशी ते वारले. योजना मात्र थांबली नाही, ६ एप्रिल १९४४ ला लागू झाली.

आणि त्याच १९४४ मध्ये दिल्लीतही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे अर्थसदस्य होते सर जेरेमी रेझमन. युद्धाचा खर्च भारतातून भागत होता, नोटा वाढत होत्या, भाव चढत होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्या भाववाढीचे परिणाम साऱ्या जगाने पाहिले होते. पगारातून आणि सरकारी रोख्यांच्या व्याजातून कर कापण्याची सोय इथे आधीपासून होती. उरलेल्या कमाईसाठी १९२२ च्या कायद्यात कलम १८-अ घातलं गेलं. त्यातल्या तारखा होत्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. मधल्या काळात तारखा आणि टक्के अनेकदा बदलले, पण आज आपण पुन्हा त्याच चार तारखांवर आहोत. २०१६ पासून व्यक्ती आणि कंपन्या दोघांनाही त्या लागू आहेत.

मात्र त्या १८-अ मध्ये एक गोष्ट अशी होती जी आज नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी तीच वाटते.

कलमात म्हटलं होतं की तुमच्या शेवटच्या ठरलेल्या उत्पन्नावरून हप्ता निघेल. तो जास्त वाटला तर स्वतःचा अंदाज द्या. अंदाज फारच कमी निघाला, म्हणजे भरलेली रक्कम खऱ्या कराच्या ८० टक्क्यांहून कमी असली, तर फरकावर ६ टक्के व्याज. इथवर ओळखीचं. पण त्याच कलमानुसार तुम्ही आगाऊ भरलेल्या रकमेवर सरकार तुम्हाला २ टक्के व्याज देत असे. जास्त भरलेल्या रकमेवर नव्हे, आगाऊ भरलेल्या सगळ्या रकमेवर.

हे २ टक्के थोडे होते हे खरं. ६ आणि २ यांच्यातली तफावतही उघड आहे. पण त्यामागे एक कबुली होती. अजून न ठरलेल्या कराचे पैसे सरकार आधी घेतंय, म्हणजे एका अर्थाने उसने घेतंय, आणि उसन्याला काहीतरी द्यावं लागतं. युद्धाच्या ऐन धामधुमीत, परक्या सरकारने ही कबुली कायद्यात लिहिली होती.

पुढे ती पुसट होत गेली. आधी व्याज फक्त जास्त भरलेल्या रकमेपुरतं उरलं. १९६१ च्या कायद्यातही तेच राहिलं. युद्ध १९४५ मध्ये संपलं, भाववाढीचं ते तातडीचं कारणही गेलं, पण आगाऊ कर गेला नाही. एकदा सरकारचं घड्याळ पुढे गेलं की ते मागे घेणं कुणाला परवडत नाही, कारण मागे घ्यायचं म्हणजे वर्षभर तिजोरी रिकामी ठेवायची.

अजमास आणि रसद

येणाऱ्या वसुलाचा अंदाज बांधून त्यावर आधीच पैसे उचलणं हे मात्र १९४४ मध्ये इथे आलेलं नाही. पेशवाईच्या कागदांत त्यासाठी दोन नेमके शब्द आहेत : अजमास आणि रसद.

अजमास म्हणजे अदमास. परगण्यावर कमाविसदार नेमताना त्या परगण्यातून किती जमा होईल आणि त्यातून कुठला खर्च मंजूर आहे, याचा आधीच आखलेला तक्ता. वर्ष सरल्यावर प्रत्यक्षाचा हिशेब याच्याशी ताडून बघायचे. आजच्या भाषेत बजेट.

रसद हा शब्द आज आपण सैन्याच्या शिधासामग्रीसाठी वापरतो. महसुलाच्या भाषेत रसद म्हणजे अपेक्षित वसुलाचा काही भाग कमाविसदाराने सरकारात आगाऊ भरणं. पीक शेतात उभं राहायचं असे, आणि मोहिमेला पैसा आज लागत असे. कमाविसदार बहुधा सावकाराकडून रक्कम उचलून पुण्याला भरी आणि वसूल आला की त्यातून फेडून घेई. या रसदेवर त्याला व्याज मिळे. ते हिशेबात रीतसर धरलं जाई.

हे फार सुंदर होतं असं म्हणण्याचा मोह मी टाळतो. व्याज शेवटी वसुलातूनच जायचं, आणि वसूल रयतेकडून यायचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर अजमासाची जागा बोलीने घेतली : जो जास्त रक्कम कबूल करील त्याला परगण्याचा मक्ता. मक्तेदाराने बोलीत चढवलेला आकडा रयतेकडून उकळला जाऊ लागला. अंदाज फुगला की त्याची किंमत सर्वांत खालच्या माणसाला मोजावी लागते, हे तेव्हाही खरं होतं.

तरी दोन गोष्टी त्या व्यवस्थेत नोंदण्यासारख्या आहेत. पहिली, आगाऊ पैशाला किंमत असते हे मान्य होतं. दुसरी, वर्ष कुठून मोजायचं याचा पावसाशी संबंध होता. दख्खनमधलं महसुली वर्ष सुरू व्हायचं सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी, आजच्या जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. पेरणीपासून पेरणीपर्यंत वर्ष.

इंग्रजांनी १८६७ मध्ये भारताचं आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून सुरू केलं. त्याआधी ते १ मेपासून असायचं. एप्रिल निवडला तो ब्रिटनच्या हिशेबाशी जुळावा म्हणून. पावसाचा अंदाज यायच्या आधी बजेट मांडायचं, ही कसरत तेव्हापासूनची. १९८४ मध्ये नेमलेल्या एल. के. झा समितीने मान्सूनचा विचार करून वर्ष १ जानेवारीपासून करावं असं सुचवलं. सरकारने ते स्वीकारलं नाही.

तारखा चुकीच्या जागी पडल्या की काय होतं, हे शेतकऱ्यांनी आयकरवाल्यांच्या कितीतरी आधी भोगलं आहे. रयतवारीत सारा ठरावीक, तो रोखीत आणि ठरलेल्या हप्त्यांनी द्यायचा. पाऊस मात्र ठरलेला नसतो. हप्त्याच्या दिवशी हातात रोकड नसली की सावकाराचं दार. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कर्जखतं जाळली गेली आणि दंगा आसपास पसरला. त्यामागची कारणं अनेक होती, पण अनिश्चित पाऊस आणि निश्चित सारा ही विसंगती त्यानंतर दख्खनच्या कर्जबाजारीपणाच्या चर्चेत सतत येत राहिली. १९१८ मध्ये खेड्याचा सत्याग्रह झाला तोही अशाच मुद्द्यावर. पीक चार आण्यांच्या खाली गेलं तर वसुली थांबवण्याचा नियम होता. भांडण होतं ते पीक किती आणे आलं याचा अंदाज कुणाचा धरायचा यावर. आज दुष्काळ जाहीर करताना आपण ज्याला पैसेवारी म्हणतो, ती याच आणेवारीची वारस.

शेतीचं उत्पन्न आज आयकरातून वगळलेलं आहे, त्यामुळे १५ जूनशी शेतकऱ्याचा थेट संबंध नाही. पण प्रश्न तोच आहे. ज्याचं उत्पन्न हंगामी आणि बेभरवशाचं आहे, त्याला ठरलेल्या तारखांच्या मापात कसं बसवायचं?

फेब्रुवारीत आलेला चेक

एक हिशेब करून पाहू. समजा, एक व्हिडिओ एडिटर आहे. वर्षाचा बहुतेक काळ तिला छोटी कामं मिळाली, कर लागेल इतकं काही नाही. फेब्रुवारीत एक मोठं काम मिळालं आणि टीडीएस वजा जाता तिचा वर्षाचा कर निघाला ८०,००० रुपये. तिने तो सगळा १५ मार्चच्या आत भरला. शहाणपणाने वागली.

तरी कायदा म्हणतो, १५ जूनला तुझे १२,००० यायला हवे होते. तीन महिन्यांचं दरमहा १ टक्का व्याज, ३६० रुपये. १५ सप्टेंबरपर्यंत ३६,०००, त्याचे १,०८०. १५ डिसेंबरपर्यंत ६०,०००, त्याचे १,८००. एकूण ३,२४० रुपये. जूनमध्ये तिला फेब्रुवारीतल्या कामाची कुणकुणही नव्हती, पण व्याज लागतं जूनपासून.

कायद्याला हे अजिबात कळत नाही असं नाही. शेअर विकून अचानक झालेला नफा, लॉटरी, लाभांश यांना सूट आहे. ते जेव्हा मिळतील तेव्हापासून उरलेल्या हप्त्यांत कर भरला की पुरतं. एखाद्याचा व्यवसाय त्याच वर्षी पहिल्यांदा सुरू झाला असेल तर तशीच सवलत. ठरावीक व्यवसाय आणि लहान धंदे ढोबळ दराने नफा दाखवत असतील, तर त्यांना एकच तारीख, १५ मार्च. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या लोकांना आगाऊ कर नाहीच. पण नियमित हिशेब ठेवणारी, चालू व्यवसाय असलेली, आणि उशिरा पैसे मिळालेली आपली एडिटर यांपैकी कशातच बसत नाही.

अमेरिकेत अशा माणसासाठी एक वाट आहे. कुठल्या काळात किती कमावलं आणि किती वजावट मिळाली, ते तुकड्या-तुकड्याने दाखवा. हप्ता त्याप्रमाणे मोजला जाईल. शिवाय मागच्या वर्षीच्या कराइतके हप्ते वेळेवर भरले असतील, तर यंदा कितीही कमाई होवो, दंड नाही; बड्या उत्पन्नवाल्यांनी ११० टक्के भरायचे. शेतकरी आणि मासेमारी करणाऱ्यांना चारऐवजी एकच हप्ता. फॉर्म किचकट आहे, पण उत्पन्न वर्षभर सारखं येत नाही हे तिथे कायद्याने मानलं आहे.

पगारदाराला मात्र दोन्हीकडे झुकतं माप आहे. अमेरिकेत पगारातून कापलेला कर वर्षभर सारखा कापला गेला असंच धरतात, भले तो डिसेंबरात एकदम कापला असो. म्हणून नोकरीबरोबर बाहेरची कामं करणारे हुशार लोक वर्षाच्या शेवटी कंपनीला जास्त कर कापायला सांगतात आणि हप्त्यांचा दंड चुकवतात. भारतातही हप्ता मोजताना वर्षभराचा टीडीएस आधी वजा होतो. तो जूनमध्ये कापला की फेब्रुवारीत, हे बघत नाहीत. पगारदार आपलं बाहेरचं उत्पन्न कंपनीला कळवून त्यावरचा कर पगारातून कापून घेऊ शकतो. जानेवारीत एचआरचा ईमेल येतो, गुंतवणुकीच्या पावत्या मागतो, कमी पडलेला कर शेवटच्या दोन-तीन पगारांत वळता होतो, आणि हप्ते चुकल्याचं व्याज लागत नाही. तोच उशीर स्वतःचा धंदा करणाऱ्याने केला, तर दरमहा १ टक्का.

आता उलट बाजू बघा. आपल्या एडिटरने घाबरून जूनपासूनच हप्ते भरले आणि मोठं काम रद्द झालं. भरलेले पैसे परत मिळतील. त्यावर व्याज दरमहा अर्धा टक्का, तेही पुढच्या १ एप्रिलपासून. जून ते मार्च सरकारकडे पडून असलेल्या पैशांवर काही नाही. परताव्याची रक्कम ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल, तर व्याज अजिबात नाही. आणि जे मिळेल ते उत्पन्नात धरून त्यावर पुन्हा कर.

१९४४ मध्ये ६ विरुद्ध २ होतं. आज वर्षाला १२ विरुद्ध ६ आहे, आणि ते ६ सुरू व्हायलाही वर्ष संपावं लागतं.

कुणी थांबायचं

आगाऊ कर बंद करावा असं माझं म्हणणं नाही. सरकारचा खर्चही वर्षभर चालू असतो. शिक्षकांचे पगार आणि रेशनचं धान्य पुढच्या जुलैपर्यंत थांबू शकत नाहीत. आणि वर्षाचा कर एकदम भरायची वेळ आली तर आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे तेव्हा पैसे उरलेले नसतील, १९४२ च्या अमेरिकन कामगाराकडे नव्हते तसेच. थोडं थोडं भरणं सोयीचं आहे.

पण कमाई आणि कर यांच्यामध्ये जो काळ जातो, त्याचं ओझं कुणीतरी उचलतं. जुन्या पद्धतीत ते सरकार उचलायचं. युद्धाने ते करदात्यावर ढकललं आणि युद्धानंतर ते तिथेच राहिलं. पगारदाराच्या वाट्याला त्यातलं फारसं येत नाही. ते येतं ज्याला जूनमध्ये मार्चचं माहीत नसतं त्याच्या वाट्याला. आणि अशी कामं करणारे, एका नोकरीत न मावणारे तरुण आज वाढत आहेत.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे. त्यात ‘प्रीव्हियस इयर’ आणि ‘असेसमेंट इयर’ ही जोडी गेली, त्यांच्या जागी एकच ‘टॅक्स इयर’ आलं. कमाईचं वर्ष तेच कराचं वर्ष, हे १९४४ मध्ये जे घडलं त्याला आता नाव मिळालं. आगाऊ कराच्या चार तारखा मात्र तशाच आहेत.

कायद्याची भाषा सोपी करायला सरकारला वेळ मिळाला, ही चांगली गोष्ट. आता दोन साधे बदल मागता येतील. उत्पन्न जेव्हा मिळालं तेव्हापासून हप्ता मोजायची मुभा आज शेअर विकणाऱ्याला आहे, ती काम करून कमावणाऱ्यालाही द्यावी. आणि उशिराबद्दल सरकार ज्या दराने व्याज घेतं, त्याच दराने, पैसे जमा झाल्या दिवसापासून, जास्तीच्या रकमेवर द्यावं. कमाविसदाराच्या रसदेवर पेशव्यांच्या दफ्तरात व्याज धरलं जात होतं. रेझमन यांच्या कायद्यातही, दोन टक्के का होईना, होतं.